मिळालं न्हाई असं लिहून द्या

तुम्ही शेवटचा मेल पाठवलात, तो पोचला हे तुम्हाला कोणी सांगितलं?

पडद्यावरच्या ओळीनं सांगितलं असणार. तुमचा संदेश पाठवला आहे, एवढी ती ओळ. ती वाचून तुम्ही खुर्ची मागं सरकवलीत आणि चहा प्यायला गेलात. मीही तेच केलं होतं. त्या ओळीवर विसंबणाऱ्या शिकलेल्या माणसांची मला जी चीड येते तिची सुरुवात माझ्यापासूनच होते, म्हणून आधी माझं सांगते.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्या बाबांनी पत्रकं काढण्यापलीकडं आयुष्यात काही केलं नाही असं आई म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. सेनगावातल्या आमच्या दोन खोल्यांत दाण्यापेक्षा कागद जास्त. पाण्याच्या टाकीला तडा गेला की पत्रक, डॉक्टर दवाखान्यात सापडला नाही की पत्रक, मास्तर सापडला नाही की पत्रक. मला अक्षरओळख झाली ती सायक्लोस्टाइलच्या शाईच्या वासात, आणि 'जाहीर निषेध' हे शब्द मी 'कमळ' आणि 'घर' यांच्या आधी वाचायला शिकले.

नव्वदच्या दशकातल्या आठवडी बाजारांत बाबा पत्रक वाटायचे त्याची एक रीत होती. कागद माणसाच्या हातात द्यायचा आणि आपला हात सोडायच्या आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं. त्यानं नीट घडी करून खिशात घातला तर तो घरी जाऊन वाचणार. चुरगळला तर जागीच विचारायचं, "काहून टाकून राहिले भाऊ? काय पटलं न्हाई?" भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकाला बाबा पत्रक मानत नसत. भिंत वाचत नाही, म्हणायचे. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली: वाचा, आणि वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या.

कार्यालयात जायचं तर रीत वेगळी. अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांना ठेवायची. दुसरीवर आलेल्या कागदांची नोंद करणारा बाबू, म्हणजे बारनिशीचा बाबू, गोल शिक्का मारणार, आकडा घालणार, तारीख घालणार आणि कोंबडीनं पाय ओढल्यासारखी सही करणार. ती दुसरी प्रत म्हणजे पोच. आमच्या भागात अर्जात काय लिहिलंय हे कोणी विचारत नाही, पोच आहे का ते विचारतात. बाबांची एक लोखंडी पेटी पोचांनी भरलेली होती. घराला आग लागली तर आधी ती पेटी बाहेर काढायची, मग आईला, असं ते तिच्या देखत म्हणायचे.

पोच कोणी वाचत मात्र नाही. शिक्का निम्मा उठलेला असतो, शाई पसरलेली असते. पोच बघायची असते. आपलाच अर्ज, आणि वरच्या कोपऱ्यात परक्या हाताचे चार आकडे. एवढं दिसलं की जीव जागेवर. ही सवय मी आईच्या दुधाबरोबर घेतली होती आणि तिचा मला अभिमान होता.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. हिंगोलीला एका कार्यालयात नवे साहेब आले. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, ज्यांना टोचायचं त्यांना न लिहिताही टोचेल. साहेबांनी कार्यालय कागदमुक्त करायचं मनावर घेतलं. म्हणजे काय केलं, तर एक संगणक आणला, त्याच्यापुढं नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं, त्याला रेक्झिनची खोळ शिवली आणि खोलीच्या दारावर पाटी लावली की चपला बाहेर काढाव्यात. देवळात निदान देव तरी उघडा असतो.

त्यानंतर काही महिन्यांनी एक सूचना निघाली. कमी पटाच्या शाळा येत्या जूनपासून बंद करून तिथली मुलं जवळच्या शाळेत घालायची होती. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत खालील ई-मेल पत्त्यावर पाठवावी, कागदी अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. यादीत आमच्या तालुक्यातला एक तांडा होता. त्या तांड्यावर तेव्हा फोन नव्हता. वीज दिवसातून काही तास यायची आणि तीही कोणाच्या मेहरबानीनं यावी तशी. त्या माणसांना साहेबांनी मेल करायला सांगितलं होतं.

बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरलेल्या माणसांची ही नातवंडं. आता सोयाबीन आणि तूर पेरून एका जागी राहिली होती, आणि एका जागी राहिल्याची त्यांची खरी खूण म्हणजे ती एका खोलीची, चौथीपर्यंतची शाळा. जवळची शाळा म्हणजे ओढ्यापलीकडच्या गावातली. ओढ्याला पूल नव्हता. नकाशावर अंतर थोडं दिसतं, कारण नकाशावरच्या ओढ्याला पाणी येत नाही.

सूचना निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावरची एक बाई आमच्या दारात आली. तिच्या दोन मुली त्या शाळेत होत्या. तांड्यावर तिला सगळे थोरलीची आई म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो. बाबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, ते पट्टी बांधून बाजेवर पडले होते. ती उंबऱ्याशी टेकली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बाबा, शाळा बंद करून राहिले. माही थोरली तिसरीत हाय, धाकली पहिलीत. ओढ्यापल्याड मी न्हाई धाडणार. थोरली घरी बसली तं दिवाळीनंतर आमच्यासंगं ऊसतोडीला येईल. अन एकदा का कोयता हातात आला तं पाटी सुटली. मला म्हाईत हाय, माही तशीच सुटली."

बाबा मला म्हणाले, "दोन प्रती काढ."

"कागद घेत नाहीत बाबा. मेलवर पाठवायचं."

"अन पोच?"

"मेललाही पोच असते," मी म्हणाले.

मला काय माहीत होतं? तीन महिन्यांपूर्वी मी फुकटातलं एक खातं उघडलं होतं. त्यावरून एका मैत्रिणीला गुलाबाचं चित्र पाठवलं होतं. माझा अनुभव एवढाच. पण मी पदवीधर होते, आणि पदवीधर माणसाला माहीत नाही असं म्हणायला शिकवत नाहीत.

"जमतं नं बाई तुमाला?" थोरलीच्या आईनं विचारलं.

"जमतं."

"जमतं म्हणते तं जमत असंल," बाबा म्हणाले. "तिला कविता बी जमते असं तिचं म्हणणं हाय."

अर्ज मी हातानं लिहिला. ओढा, पाऊस, लहान मुली, एवढंच लिहिलं, विशेषणं घातली नाहीत. थोरलीच्या आईनं एका दिवसात साऱ्या तांड्याच्या सह्या आणि अंगठे गोळा केले. चार पानं भरली. ती घेऊन आम्ही दोघी बसस्टँडजवळच्या कॅफेत गेलो. तिथं एकच माणूस इंटरनेट, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन असं सगळं चालवायचा. त्यानं पानं स्कॅन करून दिली, पत्ता मी दोनदा तपासला, आणि बटण दाबलं. पाठवल्याची ओळ आली.

"गेलं?" माझ्या खुर्चीमागून थोरलीच्या आईनं विचारलं.

"गेलं."

"कुठून गेलं?"

"या वायरीतून."

ती वायरीच्या मागोमाग भिंतीपर्यंत नजर घेऊन गेली. "अन तिकडं उचललं कोनं?"

मी हसले. कॅफेवाला तर मोठ्यानं हसला. "अहो वहिनी, मेल म्हंजे डायरेक्ट. हितं दाबलं का तिथं सायबाच्या टेबलावर. पोस्टमन न्हाई, पत्ता सापडंना न्हाई, कुत्रं मागं लागलं न्हाई."

"उचललं कोनं, ते विचारून राहिले मी."

"कॉम्प्युटरनं उचललं."

"मंग सायबानं कधी उचलायचं?"

कॅफेवाल्यानं स्कॅनचे पैसे मागितले आणि मी पर्स उघडली. मेलबद्दल त्या खोलीत विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता, आणि तो विचारणारी बाई तिथली एकमेव अंगठेवाली होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कॅफेत गेले. खात्यात एक नवा मेल आलेला होता. वर इंग्रजीत तीन-चार ओळी, कार्यालयाचा पत्ता अगदी बरोबर, एक आकडा, तारीख, वेळ. आणि खाली माझाच अर्ज, जसाच्या तसा, चार पानांसकट.

आपलाच अर्ज, आणि वर परक्या हाताचे आकडे.

"घ्या, आली पोच," कॅफेवाला माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "सरकारी काम अन एका दिवसात. मेलची कमाल हाय ताई."

मला इंग्रजी येत होतं. त्या तीन ओळी वाचायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी त्यांच्याकडं बघत होते. पण मी बघत होते. पोच वाचायची असते हे आमच्या घरात कोणी मला सांगितलं नव्हतं. मी दोन प्रती छापून घेतल्या आणि एक लॅमिनेट केली, गरम आणि चकचकीत.

बाबांनी ती चांगल्या डोळ्याजवळ धरली. "शिक्का कुठं हाय?"

"शिक्का नसतो. नंबर आहे बघा."

त्यांनी बोटानं आकडा चाचपला. "नंबर हाय म्हंजे बारनिशीत चढलं. वेळ बी घातली, सेकंदासकट. आमच्या टायमाला बाबू तारीख घालायला रडायचा." मग म्हणाले, "काहीतरी सुधारून राहिलं म्हणायचं." आयुष्यभर सरकारवर विश्वास न ठेवलेल्या माणसानं तो नेमका त्या कागदावर ठेवला. मी ठेवायला लावला.

तांड्यावर थोरलीच्या आईनं शाळेच्या भिंतीत खिळा ठोकून पोच टांगली. गुरुजींनी बघितली. त्यांनीही बघितलीच. पोरी पाटी घेऊन खाली बसल्या होत्या, थोरलीनं मान वर करून विचारलं, "याये, यात काय लिहेल हाय?" तिची आई म्हणाली, "तुही शाळा राहिली असं लिहेल हाय."

उन्हाळा सुरू झाला आणि गुरुजींच्या हाती आदेश आला. शाळा जूनपासून बंद. आदेशात एक ओळ होती: प्राप्त हरकती, निरंक. निरंक म्हणजे काहीच नाही. सरकारी भाषेत शून्याला हा असा इस्त्री केलेला शब्द आहे. एकही माणूस बोलला नाही, हे सांगायचं असलं की तो वापरतात.

थोरलीची आई लॅमिनेशन खिळ्यावरून काढून, पदरात गुंडाळून आमच्याकडं आली. "बाई, आपली हरकत तं भिताडावर टांगेल व्हती. मंग निरंक कसं?"

मला धाडस चढलं. आता साहेबांना सोडायचं नाही, पोच आपल्या हातात आहे, असं मी वाटेत जीपमध्ये तिला दहा वेळा सांगितलं. उद्याच्या पत्रकाचा मथळासुद्धा मनात तयार होता. अंगठ्यांची मूळ पानंही पिशवीत होती, ती तिनं घेतली होती. मी म्हणाले होते, त्यांची गरज नाही.

हिंगोलीच्या त्या कार्यालयात बारनिशीचा बाबू जेवणाचा डबा बंद करत होता. मी लॅमिनेशन त्याच्यापुढं ठेवलं, जरा आपटलंच. "ही तुमची पोच. आणि हा तुमचा निरंक. सांगा आता."

त्यानं चष्मा लावला आणि वाचलं. ते पत्र वाचणारा तो पहिला माणूस. कॅफेवाल्यानं, मी, बाबांनी, गुरुजींनी, साऱ्या तांड्यानं ते बघितलं होतं, आणि ज्याला आम्ही कामचोर म्हणत आलो त्या बाबूनं ते वाचलं. वाचता वाचता त्याच्या मिशा हलायला लागल्या. शेजारच्या टेबलाला त्यानं हाक मारली. "ओ, इकडं या जरा. परत आलेलं पत्र लॅमिनेशन करून आणलं यांनी."

शेजारचा आला. तोही हसला.

"मॅडम, तुमी शिकेल दिसता," बाबू म्हणाला. "यात लिहेल हाय का समोरचा मेलचा डबा भरेल हाय, पत्र आत घेता येत न्हाई, हे घ्या तुमचं तुमाला परत. ही पोच न्हाई. हे दारातूनच वापस केलं तुमाला."

तेव्हा मी वाचलं. अवघड एकही शब्द नव्हता. तारीख अर्ज पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. मुदत संपायला तेव्हा चार दिवस बाकी होते. चार दिवस ते पत्र सांगत होतं की मी पोचलो नाही, पुन्हा पाठव, दुसऱ्या वाटेनं पाठव, नाहीतर स्वतः जा. आणि आम्ही त्याला खिळ्याला टांगलं होतं.

"काय म्हणून राहिले बाई ते?" थोरलीच्या आईनं मला विचारलं. ते तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"पोचलं नाही, ताई. ही पोच नाही. मी वाचलं नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग तिनं मला सोडून दिलं आणि बाबूकडं वळली. त्या दिवशी पुढं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

"डबा कोनाचा भरेल व्हता? आमचा का तुमचा?"

"आमचा," बाबू म्हणाला.

"मंग निरंक काहून लिहिलं?"

"आलंच न्हाई तं दुसरं काय लिहिणार? आलं असतं तं चढवलं असतं."

"बराबर हाय. तं तसं लिहून द्या. मिळालं न्हाई असं लिहून द्या. आमचा डबा भरेल व्हता म्हणून या बाईचं पत्र मिळालं न्हाई. अन शिक्का मारा."

बाबूचं हसणं थांबलं. "न मिळाल्याचा शिक्का नसतो, बाई."

"काहून? मिळाल्याचा हाय तं न मिळाल्याचा बी पायजे."

"नियमात न्हाई."

"निरंक लिहायचं नियमात हाय?"

शेजारचा आपल्या टेबलावर परत गेला. ती बारनिशीच्या टेबलापुढं फरशीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. ओरडली नाही, रडली नाही. येणाऱ्या माणसाला तिला वळसा घालून टेबलापाशी जावं लागत होतं, आणि प्रत्येक जण विचारत होता की या कोण. बाबू पहिल्यांदा म्हणाला, कोणी नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, शाळेचं काम आहे. चौथ्या-पाचव्या वेळेला तो उठून साहेबांकडं गेला.

साहेब आले ते आमचा खोटेपणा दाखवून द्यायला आले. मेल व्यवस्थित चालू आहे, म्हणाले, चला दाखवतो. खोलीला कुलूप होतं. किल्ली सापडायला वेळ लागला. मी चपला काढल्या, ती अनवाणीच होती, साहेब बूट घालून आत गेले. खोळ काढली तशी धूळ उडाली. संगणक चालवणाऱ्या माणसाची कळमनुरीला बदली होऊन महिने झाले होते, आणि पासवर्ड कीबोर्डच्या पोटाला कागदावर लिहून चिकटवलेला होता. बाबूनं तो एकेक अक्षर शोधत दाबला.

डबा उघडला, आणि बाबू त्यातलं एकेक पत्र उघडत गेला. दिवाळीच्या पणत्या होत्या. हलणाऱ्या पाकळ्यांचे गुलाब होते. संक्रांतीचे तीळगूळ होते. पण खरी जागा अडवली होती ती साहेबांच्याच फोटोंनी. संगणकापुढं नारळ फोडतानाचे ते फोटो त्यांनी जिल्ह्यातल्या ओळखीच्या प्रत्येक कार्यालयाला पाठवले होते, आणि प्रत्येकानं 'हार्दिक अभिनंदन' लिहून फोटोंसकट परत पाठवले होते. कागदमुक्तीच्या उद्घाटनानंच डबा तोंडापर्यंत भरला होता. त्याआधी त्यातलं एकही पत्र कोणी उघडलेलं नव्हतं. अभिनंदनसुद्धा कोणी वाचलं नव्हतं.

आमच्यासारखी आणखी किती पत्रं त्या दारातून परत गेली, हे त्या डब्याला विचारून उपयोग नव्हता. जे आत आलंच नाही त्याची नोंद आत नसते.

"तांत्रिक अडचण आहे," साहेब म्हणाले.

थोरलीची आई पडद्यावरच्या नारळाकडं बघत होती. "सायब, तुमच्या नारळापायी माह्या पोरीची शाळा गेली."

साहेब दाराकडं वळले. बाबूला म्हणाले, यांचा अर्ज घेऊन टाका, आणि बूट वाजवत निघून गेले. तिनं पिशवीतून अंगठ्यांची पानं काढली. झेरॉक्सही तिनं काढून आणली होती, मला न विचारता. बाबूनं दोन्हीवर शिक्का मारला आणि वर हातानं लिहिलं: मुदतीनंतर प्राप्त. तो शिक्का मी आयुष्यात पहिल्यांदा अक्षर न अक्षर वाचला, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असा.

त्या पावसाळ्यात मी मेल म्हणजे काय ते शिकले. उशिरा शिकले, म्हणून नीट शिकले. तुम्ही बटण दाबता तेव्हा तुमचं पत्र फक्त तुमच्या बाजूच्या यंत्राच्या ताब्यात जातं. 'पाठवलं' याचा अर्थ तेवढाच, जसा पेटीत पत्र टाकल्याचा आवाज. ते यंत्र समोरच्याचं यंत्र शोधतं आणि त्याच्या दारात उभं राहतं. समोरच्यानं नको म्हटलं, तर सभ्य यंत्र पत्र परत करतं आणि कारण लिहितं. समोरच्यानं घेतलं, तर तुमच्या यंत्राचं काम तिथं संपलं. पुढं ते पत्र डब्यात पडलं, का कचरा समजून वेगळ्या कप्प्यात गेलं, का कोणी न उघडता पुसून टाकलं, यातलं काही तुम्हाला आपोआप कळत नाही. वाचल्याची खूण मागायची सोय आहे, पण ती द्यायची की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर. रजिस्टर पत्राबरोबर जाणारं कार्ड आठवा, ज्याच्यावर घेणाऱ्याची सही घेऊन पोस्टमन ते परत धाडायचा. त्या सहीमागं एक माणूस दारात उभा राहिलेला असायचा. मेलच्या अख्ख्या वाटेवर माणसाच्या सहीला जागाच ठेवलेली नाही.

यात यंत्राचा दोष मी काढत नाही. यंत्रानं आम्हाला एका दिवसात खरं सांगितलं होतं, कारणासकट, सेकंदासकट. त्या सगळ्या प्रकरणात प्रामाणिक असं ते एकटंच होतं. मला किळस येते ती माणसांची. "मेल केला होता की" म्हणणारा एकीकडं आणि "मेल मिळालाच नाही" म्हणणारा दुसरीकडं. दोघं एकमेकांच्या आधारानं मजेत जगतात. एकाला पाठवल्याचं समाधान, दुसऱ्याला न मिळाल्याची सवलत, आणि मधल्या मध्ये एक शाळा बंद होते. पूर्वी हात झटकायला कागद हरवावा लागायचा, शिपायावर ढकलावं लागायचं, निदान थोडी मेहनत पडायची. आता डबा भरू दिला की काम झालं.

शाळा त्या जूनमध्ये बंद झाली. मुदतीनंतर प्राप्त झालेला तो कागद घेऊन बाबा, डोळ्याची पट्टी निघाल्यावर, वरच्या कार्यालयांत फिरले. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती, प्रत्येक ठिकाणी शिक्का, आणि आता प्रत्येक शिक्का ते माझ्याकडून वाचून घ्यायचे. ऐन पावसात एक अधिकारी ओढा बघायला आला आणि अलीकडच्या काठावरून परत गेला. त्याला पलीकडं जाता आलं नाही, हीच त्याची तपासणी झाली. पुढच्या जूनला शाळा पुन्हा उघडली.

थोरली तोवर ऊसतोडीचा एक हंगाम करून आली होती. शाळा उघडली त्या दिवशी ती धाकलीला दारापर्यंत सोडायला आली आणि दाराशीच थांबली. गुरुजी म्हणाले, ये, तुझं नाव अजून आहे. ती म्हणाली, "आईसंगं जाचं हाय रानात." तिच्या तळहातावर ऊस सोलताना पडलेले काप होते, ते तिनं परकराला पुसल्यासारखे केले आणि गेली.

भिंतीवर ते लॅमिनेशन परत टांगलेलं होतं. मी काढायला गेले तेव्हा थोरलीची आई म्हणाली, "राहू द्या बाई. धाकलीला इंग्रजी आलं का ती वाचंल." मी ते तसंच सोडलं. अजून तिथं आहे.

मी मेल अजूनही पाठवते. पाठवला की दुसऱ्या दिवशी फोन करते आणि विचारते, उचललं कोणी? लोक हसतात. हसू देत.

आता तुमच्याकडं येते. तुम्ही टेबलामागं बसणारे असा किंवा टेबलापुढं उभे राहणारे, आज तुमचा डबा उघडा. तुम्ही उत्तर न दिलेलं एक तरी पत्र त्यात पडलेलं असेल, कोणीतरी त्याची वाट बघत असेल आणि पडद्यावरच्या ओळीवर विसंबून गप्प बसलं असेल. ते पत्र बघू नका, वाचा. मग त्या माणसाला एक ओळ लिहा: मिळालं, वाचलं. खाली स्वतःचं नाव घाला, यंत्राचं नको. आणि हे लिहून झालं की हा कागद शेजाऱ्याच्या हातात द्या, आणि हात सोडायच्या आधी त्याच्या डोळ्यांत बघा.